एकाचे खांब, एकाची तार

कुंपण घालायचं ठरलं तेव्हा आबा आणि किसनकाका यांच्यात भांडण नव्हतं. भांडण नाही तोवर घालून घ्यावं, असंच दोघांचंही म्हणणं होतं. आबा माझे वडील, किसनकाका त्यांचे धाकटे भाऊ. वाटणी होऊन काही वर्षंच झाली होती. शिरड शहापूरच्या रस्त्याला लागून आमचं एक सलग काळं रान होतं, ते मधोमध धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालून दोन झालं. धुऱ्याच्या उगवतीला आम्ही, मावळतीला काका. विहीर काकांच्या वाट्याला गेली, पाण्यावर हक्क मात्र दोघांचा राहिला. नांगरट झाली की आबा धुऱ्यावरून चालत जायचे आणि पावलांनी त्याची रुंदी बघायचे. "धुरा खाऊन राहिला त्यो," असं ते जेवताना मायला सांगायचे. पलीकडच्या घरातही हेच वाक्य आमच्याबद्दल बोललं जात होतं. काकूच्या तोंडून ते अर्धंमुर्धं कानावर यायचं. धुरा दरवर्षी अरुंद होत होता, हे खरं. तो कोणत्या बाजूनं कोरला जात होता, हे मी पाहिलेलं नाही.

सामाईक धुऱ्यावर कुंपण घालायची आमच्याकडं एक रीत होती: एकाचे खांब, एकाची तार. वरवर पाहता ही समजुतीची रीत वाटते. तिच्यामागं विचार मात्र अविश्वासाचाच होता. उद्या एखाद्याचं डोकं फिरलं तरी त्याला कुंपण एकट्यानं काढून नेता येऊ नये. खांब उपटावेत तर त्यावर तार दुसऱ्याची, तार सोडवावी तर खांब दुसऱ्याचे. आबांनी खांब द्यायचे, काकांनी तार आणायची आणि मेहनत दोघांनी करायची, असं ठरलं. बोलणं विहिरीच्या कट्ट्यावर झालं. दोन्ही जावा पाणी भरायच्या निमित्तानं तिथंच उभ्या होत्या, आणि कोण काय कबूल करतं ते दोघी ध्यानात ठेवत होत्या.

मी तेव्हा मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी होते. पुढचं कॉलेज वसमतला, आणि वसमतला राहायची सोय एकच होती, ती म्हणजे काकूचा भाऊ. त्यांना आम्ही वसमतचे मामा म्हणायचो. ते एका वकिलाकडे कारकून होते. त्यांच्या घरी मागच्या बाजूला एक खोली होती, आणि काकूनं माझ्यासाठी त्यांच्याकडं शब्द टाकून ठेवला होता. आबांनी होकार दिला होता, पण तो कुंपणाच्या आधीचा. माझं शिकणं काकूच्या शब्दावर होतं आणि काकू धुऱ्याच्या पलीकडं राहत होती. पहिला खड्डा खणला गेला त्या दिवसापासून ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

खांब बाभळीचे होते. आबांनी ते आदल्या हिवाळ्यात तोडून सावलीत वाळवले होते, बुडं भाजून त्यांना डांबर फासलं होतं. काकांनी प्रत्येक खांब उचलून बघितला, नखानं कोरून बघितला, काहींचा वासही घेतला.

"दादा, ह्यो वल्ला हाय."

"खांब वाळलेला हाय. तुपली नजर वल्ली हाय," आबा म्हणाले.

तार आली तेव्हा आबांची पाळी होती. त्यांनी भेंडोळं उन्हात ओढलं, तारेवरून बोट फिरवलं आणि ते काकांसमोर धरलं. "गंजकी तार आनली की रं."

"गंज न्हाई त्यो. दुकानातली धूळ हाय."

"धूळ लाल असती व्हय तुपल्या दुकानात?"

पण माल कुणीच परत केला नाही. परत केला असता तर बदली माल आणायला दुसरा एकटाच गेला असता, आणि तो काय आणील याची खात्री नव्हती.

ओळ धरायला दोरी ताणली. एका टोकाला हद्दीचा दगड, दुसऱ्या टोकाला कडुलिंबाचं झाड. एका टोकाशी आबा आणि दुसऱ्याशी काका बसले, कारण दोरीचं टोक तिसऱ्याच्या हातात द्यायला दोघेही तयार नव्हते. मी मधोमध उभी. वैशाखात दुपारी आमच्याकडं मावळतीचा वारा सुटतो, आणि लांब दोरीला त्यानं पोट सुटतं. दोरी आमच्या बाजूला फुगली की आबा तिकडून ओरडायचे, "इमल, दोरी कुणीकडं हाय?" मी सांगायचे, वाऱ्यानं आपल्याकडं आली आहे. वारा पडला की काका विचारायचे. जे दिसत होतं ते मी दोघांना सांगत होते आणि दोघांचंही समाधान होत नव्हतं.

"लेक कुनाची हाय त्ये बघून इचार," आबा काकांना म्हणाले.

"लेक तुमची हाय," काका म्हणाले, "पर ऱ्हानार मपल्या मेव्हन्याकडं हाय. ती बराबर बोलंल."

दोघेही हसले. मला हसू आलं नाही. शेवटी सकाळी वारा सुटायच्या आत दोरी धरायची असं ठरलं, आणि मग दोघे पहाटेच रानात यायला लागले. दुसरा आपल्या आधी पोचू नये म्हणून प्रत्येक जण थोडा थोडा लवकर निघायचा.

तार ओढायचं काम माझ्याकडं होतं. सब्बलीला, म्हणजे लोखंडी पहारीला, तारेचा वेढा घ्यायचा, सब्बल पुढच्या खांबाला अडकवायची आणि सगळा भार टाकून मागं रेलायचं. तार ताणली की तिच्यातून बारीक आवाज निघतो, कडेला ठेवलेल्या भांड्याला नख लागावं तसा. मग आबा नालेच्या आकाराचा खिळा ठोकायचे आणि पकडीनं तारेवर टिचकी मारून कान द्यायचे. त्यांच्यामागून काका येऊन त्याच तारेवर पुन्हा टिचकी मारायचे. तार खांबाच्या कोणत्या अंगाला ठोकायची यावर एक अख्खी सकाळ गेली. जिकडून जनावर रेटतं तिकडून तार असावी, म्हणजे खिळे उपटत नाहीत, हा साधा नियम आहे. पण तार काकांच्या अंगाला ठोकली तर घुसणारी जनावरं काकांची असा त्याचा अर्थ होतो, आणि आमच्या अंगाला ठोकली तर आमची. अर्धं कुंपण एका अंगानं आणि अर्धं दुसऱ्या अंगानं, असा तोडगा निघाला. खालच्या दोन तारांना रानडुकरांसाठी बोरीच्या काट्या बांधल्या.

दुपारी दोन्ही घरची शिदोरी लिंबाखाली सुटायची. आमच्याकडं ज्वारीची भाकरी, येसराच्या मसाल्याची आमटी, ठेचा आणि कांदा. काकू धपाटे करायची आणि त्यातले चार-सहा पितळीत घालून माझ्या हातानं मायकडं पाठवायची. माय पितळीवरचं फडकं काढून आधी माझ्याकडं बघायची.

"काहून पाठिवलं असंल?"

"खायला."

"खायला तर हायेच. पर आजच काहून?"

आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही हा आमच्याकडचा दंडक. त्यामुळं माय त्यात कैरीचं लोणचं किंवा तळलेल्या कुरडया घालायची, तेही फार जास्त नाही आणि फार कमी नाही. जास्त घातलं तर ह्यांना काहीतरी पाहिजे असं वाटेल, कमी घातलं तर मनात काहीतरी आहे असं. पितळी कुंपणावरून इकडं-तिकडं होत राहिली. त्या धपाट्यांची चव नंतर मला कुठंच मिळाली नाही. आम्ही ते नेहमी थोड्या संशयानं खाल्ले, हेही तितकंच खरं.

विहिरीच्या वाटेवर फाटक लागणार होतं. ते लोखंडाचं करायचं ठरलं आणि सांगायला दोघे भाऊ एकाच जीपनं वसमतला गेले. माझं कॉलेज कुठं आहे ते बघायचं म्हणून मीही बरोबर होते. वेल्डिंगवाला कामात होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "कडी किधर?"

"हिकडं," दोघे एकदम म्हणाले, आणि दोघांनी दोन बाजूंना हात केले.

त्यानं चष्मा वर केला. "एक घर है के दो?"

त्यानं दोन्ही बाजूंना कडी लावून दिली. त्याचा अर्थ आमच्या ध्यानात फाटक बसल्यावर आला. आपल्या बाजूची कडी कुणीही घालू शकत होता, आणि समोरच्यानं आपली कडी काढल्याशिवाय दुसऱ्याला पलीकडं जाता येत नव्हतं. फाटक उघडायला दोन्ही घरांची मर्जी लागायची. मग सकाळी माय घागर घेऊन फाटकाशी उभी राहायची आणि हाक मारायची, "गोदे, कडी काड वं." पलीकडून काकू म्हणायची, "आधी तुमची काडा, बाई." कुणाची कडी आधी निघाली याची दोघी नोंद ठेवत. तरी बोलणं होत होतं. फाटक बसवताना ओळंबा धरला होता आणि ते दोन्हीकडं सारखं झुलत होतं. आबा दोन-तीन वेळा हातानं ढकलून ते कुठं थांबतं ते बघून आले. काकाही बघून आले, आबा घरी गेल्यावर.

पुढं दोन-तीन जोरदार पाऊस झाले. माझा निकाल लागला, मी पास झाले. काकूनं निरोप दिला की मामांनी खोली झाडून ठेवली आहे आणि येत्या शनिवारी ती स्वतः मला घेऊन जाईल. त्याच आठवड्यात एका सकाळी फाटक लागेना. खांब आमच्या बाजूला कलला होता, आणि कडी तिच्या भोकापासून चार बोटं दूर राहत होती. आबांनी खाली बसून एका डोळ्यानं ओळ पाहिली. फाटकापासून लिंबापर्यंतचे सगळे खांब वरून आमच्याकडं झुकले होते.

आबा घरी आले आणि हातपाय न धुता ओसरीवर बसले. "बैल लावून रेटलेत त्यानं," ते म्हणाले. "आज खांब वरून सरकला. उद्या बुडातून सरकवील. परवा म्हनंल, हद्द हितंच व्हती."

"कुनी बघितलं?" मायनं विचारलं.

"बघून करतंय व्हय कुनी?"

त्या दिवशी आबांनी फाटक दोरीनं ओढून आमच्या बाजूची कडी कशीबशी घातली, आणि ती घातलेलीच राहिली. माय पाणी गावातून आणायला लागली. पितळी आमच्याकडं होती. ती परत गेली नाही. मला फाटकाकडं जायला मनाई झाली. शनिवारचं मी विचारलं तेव्हा आबांनी मान हलवली. "ज्याचा हात मपल्या हद्दीत हाय, त्याच्या मेव्हन्याच्या घरी लेक ठिवू काय?" म्हणजे माझं कॉलेज आता एका कललेल्या खांबावर आलं होतं. पलीकडची बातमी गुराख्याकडून कळली. काका म्हणत होते की खांब दादाचे, दादानंच ते मुद्दाम वरवर रोवले; आता ते आपल्याच अंगावर ओढून घेऊन गावाला दाखवणार की बघा, भावानं रेटलं.

दोन्ही म्हणणी मला तेव्हा सारखीच पटत होती. पुढं कोर्टातल्या नोकरीत रोज दोन बाजूंच्या हकिकती समोर यायच्या आणि दोन्ही तितक्याच नीट जुळलेल्या असायच्या. त्याचं नवल मला फारसं वाटलं नाही.

शुक्रवारी माय उठली आणि फाटकाची आमची कडी काढून आली. मग तिनं पलीकडं हाक मारून दीर आणि जाऊ दोघांना बोलावलं. "खांब उपटून बघा," ती म्हणाली. "समद्यांच्या डोळ्यांदेखत. मंग काय त्ये बोला." काकू डोक्यावर पदर घेऊन लांब उभी राहिली. आबांसमोर ती बोलत नसे, जे सांगायचं ते मायच्या कानात सांगायची.

काकांनी फाटकाच्या खांबाच्या बुडाशी सब्बल घातली. फार जोर लागला नाही, खांब गाळातून निघावा तसा वर आला. आबा खड्ड्यात वाकले. आत काळा चिखल होता आणि त्यात अजून न विरलेली ढेकळं.

काळ्या रानात खांब रोवायचा तर खड्डा मुरमानं भरायचा आणि कुटून घट्ट करायचा, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. काळी माती उन्हात तडकते, पावसात फुगते. तिच्यात रोवलेलं ती धरून ठेवत नाही.

"मुरूम कुठं हाय?" आबांनी विचारलं.

"म्या त्येच इचारनार व्हतो," काका म्हणाले. "खांब तुमचे. खांबासंगं मुरूम येतो."

"मुरूम गाडीनं आनावा लागतो. तार कुनाच्या गाडीनं आली?"

"गाडी तारेला गेलती. मुरमाचं कुनी बोललं व्हतं काय?"

कुणीच बोललं नव्हतं. रीत एकाचे खांब आणि एकाची तार एवढंच सांगत होती. मुरूम कुणाचा, हे तिच्यात नव्हतं. खड्डे भरताना दोघे समोरासमोर होते. आपण विषय काढला तर तो आपल्यावर पडेल, म्हणून प्रत्येकानं दुसऱ्याची वाट पाहिली आणि उकरलेली माती परत लोटली. आमच्या बाजूला नुकतीच लावलेली हळद होती, तिला पाणी दिलेलं, तिथलं रान मऊ. मावळतीच्या वाऱ्यानं काट्यांना रेटलं आणि खांब मऊ बाजूला झुकले.

माय म्हणाली, "दोघं भाऊ एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसले. खड्ड्यात कुनीच बघितलं न्हाई."

काकू पदराआड हसली. तिथं गोष्ट संपायला हवी होती. पण आबांनी बाहेर काढलेला खांब उलटा केला आणि त्याच्या मावळतीच्या अंगावर बोट ठेवलं. गुडघ्याच्या उंचीवर लाकडात एक गोल खळगा होता, सब्बलीचं टोक टेकून जोर लावल्यावर पडतो तसा.

"आन् ह्ये?"

काका वाकले. "रोवतानाचा घाव हाय."

"रोवतानाचा घाव आत्तापस्तोर काळा पडला असता. ह्यो पिवळा हाय. आन् तुमच्या अंगाला हाय."

"सब्बल तुमच्याबी घरी हाय, दादा. आन् आमच्या अंगाला येऊन उबं ऱ्हायला तुमाला कुनी अडिवलं व्हतं? तवा तर कड्या उगड्याच व्हत्या."

दोघांनी आळीपाळीनं त्या खळग्यात बोट घालून बघितलं. त्यांनी तो घाव खरंच पहिल्यांदा पाहिला होता की त्यांच्यापैकी एकाला तो आधीच माहीत होता, हे मला सांगता येणार नाही. दोघेही आता नाहीत. चुलत भावानं तिथं सिमेंटचे खांब लावले आहेत आणि तारेत झटका सोडलाय. मागच्या खेपेला गेले तेव्हा त्या यंत्राची टिकटिक रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. बाभळीचे जुने खांब कुणाच्या चुलीत गेले ते मी विचारलं नाही.

दुपारी मुरूम आला. एक खेप आमची, एक काकांची, दोन्ही वेगळ्या माळांवरून. खांब पुन्हा रोवले, फाटक पुन्हा टांगलं. माझ्या जाण्याचं अजून ठरायचं होतं. संध्याकाळी मी गोठ्यात गेले तेव्हा आबा धार काढत होते. मी दाराशी उभी राहिले. ते मान वर न करता बोलू लागले.

"तुपला मामा वकिलाकडं असतो नं?"

"व्हय."

"हद्दीच्या मोजनीचा अर्ज करायचा झाला तर किसन्या त्याच्याकडनंच करील. बोलनं त्याच्या घरीच व्हईल." दुधाची धार चरवीत पडत राहिली. "तू जा उद्या. शिकायचं तर शिक. पर तिथं कोन येतंय, काय बोलून राहिलं, ध्यान ठिवत जा. शनिवारी आलीस की सांग."

मायला हे मी सांगितलं नाही. तिनं माझी पेटी भरली, आणि काकूची पितळी फराळ घालून वर ठेवली. सकाळी दोन्ही कड्या निघाल्या आणि मी पलीकडं गेले. एसटीत काकू खिडकीशी बसली. शिरड शहापूर मागं पडेपर्यंत ती माझ्या अभ्यासाचं विचारत होती. मग पदर सारखा करून म्हणाली, "इमल, दादा मोजनीचं काय म्हनून राहिलेत गं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते बरंचसं खरं होतं.

मामांच्या घरी पहिल्या रात्री वरणभात आणि वांग्याची भाजी होती. मामींनी तूप वाढलं. मामा माझं ताट पुरं व्हायची वाट बघत थांबले, मग सहज विचारावं तसं म्हणाले, "तुमच्या आबांनी हिंगोलीत कुण्या वकिलाला इचारलं काय गं?"

"मला माहीत नाही."

त्यांनी मामींकडं बघितलं. पुढच्या शनिवारी मी घरी गेले तेव्हा आबांनी गोठ्यात बोलावून विचारलं. मामांकडं मोजणीचा विषय माझ्यादेखत निघालाच नव्हता. मी तसं सांगितलं, आणि आबांनीही दाराशी आलेल्या मायकडं तसंच बघितलं. मी दुसऱ्या घराचं काहीतरी लपवते आहे, अशी दोन्ही घरांची पक्की खात्री झाली होती. आबा मला दर सोमवारी न चुकता वसमतला पाठवत राहिले. मामांकडची भाजी कधी कमी पडली नाही.

पहिलं वर्ष संपलं तेव्हा काकू संकोचानं मामांना म्हणाली की पोरीचा फार भार होत असेल तर तिची दुसरीकडं सोय बघू. मी आतल्या खोलीत पुस्तकं बांधत होते.

"ऱ्हाऊ दे तिला," मामा म्हणाले. "अजून दोन वर्षं ऱ्हाऊ दे. बोलंल कवा ना कवा."